कोरडं अंग

सासूबाई पाणी पीत नव्हत्या. सोबतच्यांना वाटलं, नवसातलंच काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. आखाडा बाळापूर सोडल्यापासून रस्त्याला आडोसा उरला नव्हता, एवढं साधं कारण होतं. रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही कडेची लिंबं गेली, बाभळी गेल्या, आणि त्यांच्यासोबत बायकांची बसायची सोयही गेली. पुरुषांचं काय, पाठ फिरवली की झालं. आम्ही बायका मात्र सकाळपासून नुसते ओठ ओले करत होतो आणि बाटलीला झाकण लावत होतो. रस्ता आखणाऱ्या साहेबांच्या घरात बायका नसाव्यात.

आमचा तांडा कुरुंद्याच्या वरच्या अंगाला. पाडवा झाला की तिथून पोहरादेवीला पायी निघायचं आणि रामनवमीला देवीच्या दारात उभं राहायचं, ही आमची रीत. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख तुडवला, त्यामुळे चालणं आपल्या रक्तातच आहे, असं नेमसिंगकाका दर वर्षी सांगतात. नेमसिंगकाका म्हणजे आमच्या जथ्याचे पुढारी. रक्ताचं हे सांगताना त्यांच्या डोक्यावर छत्री असते.

सासूबाईंचं नाव नानीबाई. साठी कधीच उलटून गेली होती, पण पाठ ताठ. गेल्या पावसाळ्यात माझी पोरगी निलम तापानं फणफणली, नांदेडच्या दवाखान्यात नळ्या लावून पडली, तेव्हा त्या पायरीवर बसून देवीशी बोलल्या होत्या. लेकरू घरी आलं तर झेंडा हातात धरून अनवाणी येईन. निलम घरी आली. आता साखऱ्याला, माझ्या माहेरी, ती मामाच्या शेळ्यांमागं उड्या मारत होती आणि तिची आजी तापलेल्या डांबरावर पाय भाजून घेत होती. माझ्याच लेकरासाठी चाललेल्या बाईला मी काय बोलणार? तरी बोलतच होते. गप्प बसणं मला जमत नाही, हे अख्ख्या तांड्याला ठाऊक आहे.

"याडी, चपला घाला," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. आमच्यात आईला याडी म्हणतात, आणि सासूलाही.

"देवीला शब्द दिलाय, संगिता."

मग मी रस्त्याकडेच्या रुईची पानं तोडली आणि लुगड्याच्या धडप्यानं त्यांच्या तळव्यांना बांधली. यात चामडं नाही, रबर नाही, देवी कशाला हरकत घेते? हे त्यांना पटलं. पण कोसभरात ती पानं शिजवलेल्या भाजीसारखी मऊ होऊन जायची आणि मी पुन्हा रुई शोधत पळायची. बाकी उन्हाचे उपाय आम्हांला येतात तेवढे सगळे केले होते. कमरेला कांदा खोचला होता. गुळाचं पाणी होतं, भाजलेल्या कैरीचं पन्हं होतं. डोक्यावर ओलं फडकं टाकलं की घटकाभर बरं वाटायचं, मग तेच वाळून टोचायचं. त्यात सासूबाईंचा पोशाख तो जुना, जड घेराचा, आरशांची भिंगं लावलेला. देवीकडं जाताना त्या सुती लुगडं नेसत नसत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

खरा उपाय एकच होता. सकाळी उन्हं चढेपर्यंत चालायचं, मग सावली धरून पडायचं, दिवस कलला की पुन्हा निघायचं. म्हातारी माणसं अशीच पोहरादेवीला जाऊन आली. त्या दिवशीही आम्ही वेळेवर सावलीला टेकलो होतो. रस्त्यालगत व्यंकटरावांचं शेत होतं. त्यांच्या बांधावर मोठा वड होता आणि खळ्यात शिजवलेली हळद वाळत पडली होती. व्यंकटरावांनी बोअर चालू केला, बायकांना गोठ्यामागची जागा दाखवली. त्या माणसाचं भलं होवो.

पण नेमसिंगकाकांचा मोबाईल वाजायला लागला. कळमनुरीच्या अलीकडं त्यांचे साडू रामकिशन राहतात. त्यांच्या तांड्यावर दुपारची पंगत होती. लापशी शिजली होती, निखाऱ्यांवर देवीला भोग चढवायचा, ते निखारेही तयार होते, आमच्या सामानाचा टेम्पोही तिथं पोचला होता.

"चला, उठा," काका म्हणाले. "भोग तिष्ठत ठेवायचा न्हाई. देवीचं ताट हाये ते."

"थांबा हो जरा," व्यंकटराव म्हणाले. "या उनात कुत्रं बी बाहेर पडत न्हाई."

"काका, ताट झाकून ठेवता येतंय," मी म्हणाले. "माणसं कशी झाकून ठेवता? संध्याकाळी लावा की भोग."

काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या मालकांकडं पाहिलं. डफ वाजवायचं काम माझ्या मालकांकडं असतं. तांड्यात त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही आणि मोठ्यांच्या शब्दापुढं त्यांच्यासारखा मऊ माणूसही कुणी नाही. त्यांनी डफ गळ्यात अडकवला. सासूबाईंनी पांढरा झेंडा उचलला. झालं, निघालो.

सगळ्यांत पुढं कळश्या असत. आमच्या विहिरीचं पाणी दोन तांब्याच्या कळश्यांत भरून देवीच्या आंघोळीला न्यायचं, ही आमच्या तांड्याची जुनी रीत. त्या कळश्या वाटेत कुठं टेकवायच्या नाहीत, त्यातला थेंब कुणी प्यायचा नाही. माणसं पाळीपाळीनं त्या डोक्यावर घेतात. बाकी प्यायच्या पाण्याचे कॅन टेम्पोत होते आणि टेम्पो लापशीपाशी होता. व्यंकटरावांकडं भरलेल्या बाटल्या वाटेतच संपल्या. माझा मोबाईलही टेम्पोतल्या पिशवीत.

सावली पायाखाली गोळा झाली होती. पुढचा रस्ता पाण्यासारखा हलताना दिसत होता. गाणं कुणाच्या तोंडून निघेना, नुसता डफ चालला होता. ट्रक गेला की त्याच्या मागची गरम धूळ तोंडावर यायची आणि बायका पदर चावून उभ्या राहायच्या. मला रुई दिसेना. सासूबाईंच्या पायांची पानं गळून गेली होती, पण त्या पाय उचलूनही घेत नव्हत्या, सरळ डांबरावर टाकत होत्या. हे मला आधी दिसायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, सवय झाली असेल.

मग त्या थांबल्या. झेंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अंग गोल फिरायला लागलं. डोक्यावरची ओढणी खाली आली. डोळे वर गेले.

"ढग आले," त्या ओरडल्या. "हळद उचला! हळद भिजंल!"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंच्या अंगात देवी येते, हे आमच्याकडच्या चार तांड्यांना माहीत आहे. नवरात्रात डफाचा ठेका चढला की त्या घुमतात, बोलतात, लोक पाया पडतात. त्यामुळे त्या रस्त्यावर डोलायला लागल्या तेव्हा कुणाला दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. बायकांनी हात जोडले. नेमसिंगकाकांनी छत्री मिटून खाली ठेवली.

"जगदंबा आली! वाटंतच सामोरी आली!" ते ओरडले. "हरिचंद, वाजव! जोरात वाजव!"

आणि माझ्या मालकांनी वाजवलं. चेहऱ्यावर इतका आनंद की विचारू नका. आईच्या अंगात देवी यावी आणि ठेका आपला असावा, याहून मोठं त्यांच्या लेखी काही नव्हतं.

"पाऊस सांगून राहिली," कुणीतरी मागून म्हणालं. "यंदा ढग येणार म्हनते."

अहो कसला पाऊस! घरामागं आमची हळद वाळत घातली होती, ती त्या बरळत होत्या. पण मीसुद्धा आधी हात जोडले. खोटं कशाला सांगू? देवी मी मानते. नंतर माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडं गेलं. कोरडा. कपाळ कोरडं, काखेत कांचळी, म्हणजे आमची चोळी, तीही कोरडी. नऊ वर्षं मी त्या घरात आहे. देवी अंगात येऊन गेली की सासूबाईंची कांचळी पिळून काढावी लागते, इतका घाम सुटतो. ती पिळणारी मी. इथं घाम वाळून आम्ही सगळे मिठागरासारखे पांढरे झालो होतो आणि त्यांच्या अंगावर टिपूस नाही.

मी हात धरला. तवा परवडला.

"ऊन लागलंय यांना!" मी ओरडले. "देवी न्हाई ही! ऊन लागलंय! पाणी आणा!"

"हात काढ, संगिता," काका म्हणाले. "देवी अंगात असताना हात लावते? पाप लागंल सगळ्या जथ्याला."

"काका, अंग बघा तुमी, भाजून राहिलंय."

"देवीचं तेज हाये ते."

"अवं," मी मालकांना म्हणाले, "तुमी तरी बघा की. तुमची याडी हाये ती. डफ ठेवा खाली."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते भक्तीचं. हात थांबले नाहीत. मी सासूबाईंच्या कमरेला मिठी मारून त्यांना खाली बसवायला गेले, तर मागून दोघी-तिघींनी मला ओढलं. जिवनबाई, आमची शेजारीण, जिनं निलमच्या आजारपणात माझी चूल पेटती ठेवली, तिनंच माझे दंड धरले होते. "नको गं बाई, नको. कोप होईल," ती रडत म्हणत होती. तिचं प्रेम होतं माझ्यावर. त्या प्रेमानं माझे हात जखडून टाकले होते.

सासूबाई गुडघ्यावर आल्या. "निलमला पांघरूण घाला," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, लेकराबाळांना जपा म्हणते. मग त्या नुसत्याच ओठ हलवायला लागल्या. झेंडा हातातून सुटला नव्हता. गर्दी आणखी वाकली. त्या गर्दीमुळं जो काय वारा होता तोही अडला. ओरडून ओरडून माझा घसा बसला. कुणी ऐकेना. तिथं सुनेचं ऐकणारं कुणी नव्हतं, मालकांचंही कुणी ऐकलं नसतं, काकांचंही नाही. तिथं एकीचंच ऐकलं जात होतं.

मग मी तिचाच आवाज काढला.

कसा काढला ते विचारू नका. नऊ वर्षं पाहत आले होते, तेवढी शिदोरी पुरली. जिवनबाईच्या हातांना हिसडा दिला, अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि पोटातून हुंकार दिला. भीती इतकी होती की अंग आपोआपच थरथरत होतं, ते वेगळं करावं लागलं नाही. मनात एकच घोकत होते, आई, माफ कर, नंतर काय शिक्षा द्यायची ती दे, आत्ता मला खोटं बोलू दे.

"हरिचंद!" मी गरजले. "बंद कर!"

डफ थांबला. नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. निलमच्या शाळेत बाईंनी विचारलं तर शेजारणीला पुढं करत होते. भर रस्त्यात, माणसांसमोर, ते नाव माझ्या तोंडून ऐकलं आणि सगळ्यांची खात्रीच पटली. मालकांनी हात जोडले. ते माझ्याकडं बघत होते, आणि मला बघत नव्हते.

"काय हुकूम, आई?" नेमसिंगकाकांनी विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"मला तहान लागली. माझं अंग जळून राहिलं. माझी आंघोळ इथंच घाला. हिच्या अंगावर घाला."

"आई, कळश्या तर पोहरादेवीच्या..."

"मी इथं हाये! तू कोनाकडं घेऊन चालला?"

माझी मलाच भीती वाटली. पण कळश्या खाली उतरल्या. आमच्या विहिरीचं पाणी सासूबाईंच्या डोक्यावर पडलं तेव्हा त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला, तान्ह्या लेकराच्या अंगावर पहिला तांब्या ओतला की येतो तसा. मी हुकूम देतच होते. घागऱ्याच्या नाड्या सोडा. ओढण्या भिजवून मानेवर, काखेत ठेवा. पदरांनी वारा घाला. पुरुषांनी पाठ करून उभं राहायचं आणि सावली करायची. तोंडात पाणी घालू नका. आणि गाडी बोलवा.

"गाडी?" काका गोंधळले. देवी टेम्पो मागते हे त्यांनी कधी पाहिलं नसणार.

"गाडी बोलव, नेमसिंग! आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी फोन लावला.

टेम्पो आला तेव्हा दोन्ही कळश्या संपल्या होत्या आणि ओढण्या पुन्हा वाळल्या होत्या. पंगतीकडं न्यायला लापशीचं पातेलं गाडीत चढवलं होतं, ते घाईत उतरवायचं राहिलं होतं. त्याच्या शेजारी सासूबाईंना निजवलं. कळमनुरीच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांच्या पायांना वारा घालत होते. तळवे फोडांनी भरले होते. मी देवीला काय काय कबूल केलं! चपला सोडीन, मीठ सोडीन, बोलणं सोडीन. एवढं मोठं दान तिला कुणी देऊ केलं नसेल.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. बर्फ लावला, दोन्ही हातांना सलाईन लावलं, पंखे आणले, त्यांनी काही म्हणता काही कमी केलं नाही. ताप उतरेना. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, "किती वेळ उन्हात होत्या अशा?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या. दिवस मावळायच्या आत सासूबाई गेल्या. निलमची आजी गेली. माझ्यावर नऊ वर्षं ओरडलेली, आणि मला ताप आला की रात्रभर उशाला बसलेली बाई गेली, आणि आईविना झाल्यासारखी मी दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले.

बाहेर सगळा जथा बसला होता. रामकिशनच्या तांड्यावरच्या बायकाही आल्या होत्या. बातमी कळली तसा रडण्याचा गलका झाला. आणि त्या रडण्यातच नेमसिंगकाकांचा आवाज मला ऐकू आला.

"देवीनं घर बदललं," ते कुणालातरी सांगत होते. "सासूकडून सुनंकडं गेली. नानीबाईचं काम पुरं झालं होतं. आपण डोळ्यानं पाहिलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठावं आणि त्या माणसाची छत्री त्याच्याच डोक्यात घालावी, असं वाटलं. एक कुणी बाई माझ्यापुढं लेकरू घेऊन आली आणि त्याचं डोकं माझ्या पायाला लावायला लागली. मी पाय ओढून घेतले.

तेवढ्यात मालक आले. मला वाटलं, शेजारी बसतील. ते खाली फरशीवर बसले.

आता सांगून टाकायचं, मी ठरवलं. बाकीच्यांचं जाऊ द्या, या एका माणसाला तरी खरं कळलं पाहिजे. त्यांच्या कानाशी वाकून मी हळूच म्हणाले, "अवं, माझ्या अंगात काईच आलं न्हवतं. मी सोंग केलं. याडीला पाणी मिळावं म्हनून केलं. आन् त्यांच्या अंगात बी देवी न्हवती. ऊन होतं ते."

आधी त्यांना ते कळलंच नाही. मग कळायला लागलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि तसला चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही. त्यांनी स्वतःचे हात वर केले. बोटं डफ बडवून बडवून सुजली होती.

"मग मी काय वाजवून राहिलो व्हतो?" ते म्हणाले. "संगिता, ती मरून राहिली व्हती, आन् मी काय वाजवून राहिलो व्हतो?"

मी त्यांचे हात धरायला गेले.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई, असं बोलू नको. देवीच व्हती. मी पाहिलं ना. देवीच व्हती, व्हय ना?" आणि त्यांनी माझ्या पायांना मिठी घातली, डोकं टेकवलं. "सांग ना, आई. माझ्या याडीला काहून नेलं? माझं काय चुकलं?"

एवढा मोठा बाप्या माणूस. पाठ गदगदा हलत होती. दवाखान्याच्या फाटकाबाहेरून गाड्या जात होत्या आणि आत त्यांच्या आईला पांढऱ्या चादरीत गुंडाळत होते. मी खरं तेच धरून बसले असते तर सकाळी आम्हांला दोन चादरी लागल्या असत्या, हे मला त्यांच्या हातांकडं बघून कळत होतं.

मी केस सोडले नाहीत, हुंकारही दिला नाही. नुसता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवीच होती, लेकरा," मी म्हणाले. "तुझं काई चुकलं न्हाई. तिचा नवस मला पोचला, म्हनून तिला घेऊन गेले."

तेव्हा कुठं त्यांना मोकळं रडू आलं. मलाही रडायचं होतं, त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून, मोठ्यानं. पण बायका मला लावायला कुंकू घेऊन समोर उभ्या होत्या, आणि ते माझे पाय सोडत नव्हते.